बापूचा वाटा

मी हवालदार रमजान मुलाणी, पायदळातून रिटायर. गाव इंदापूरपासून एसटीनं अर्धा तास. चौदा ऑगस्टला हेडमास्तरांचा फोन आला. "उद्या मेडल लावून या, हवालदारसाहेब. पोरांना दहा मिनिटं लढाईचं सांगा." मी हो म्हणालो आणि ब्लेझर इस्त्रीला घेतला.

चार वाजता नात आयशा शाळेतून आली. दुसरीत आहे. दप्तर न काढताच म्हणाली, "आबा, आपला देश कुठला वो?"

"हाच की गं."

"सोहम म्हणतो, तुमचा दुसरा हाय. तिकडं जावा म्हणला. त्याच्या आजोबाला आपल्या लोकांनी मारलं म्हणं."

सोहम म्हणजे बापू गायकवाडचा नातू. माझ्या बापूचा. करपल्याचा वास आला तेव्हा मी इस्त्री उचलली.

पाच वाजता पोरीला भैरोबाच्या देवळापुढं नेलं. म्हणालो, "जत्रेचा पहिला बोकड हितं पडतो. सुरी आपल्या घराची. कलमा म्हणायचा आपण, कापायचं आपण, घरटी वाटे घालायचे आपण. माझ्या आज्यानं केलं, त्याच्या आज्यानं केलं. मुलाण्याबिगर गावात त्या दिवशी चूल पेटत न्हाय."

"मग आपण हितलंच?"

"हितलंच. ओढ्यापल्याड सगळ्यांच्या कबरी हायत."

सात वर्षांच्या पोरीला स्वतःच्या गावात पुरावे दाखवत हिंडायचं. थू असल्या जिण्यावर!

परत येताना तिला गिनती शिकवली. पलटणीत रोज संध्याकाळी हजेरी होते, ती गिनती. ज्याचं नाव घेतलं तो पहाऱ्यावर असेल, तर त्याचा बडी, म्हणजे जोडीदार, ओरडतो, "ड्यूटी पर, साब!" पोरगी घरापर्यंत तेच ओरडत आली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला झेंडा झाला. माइक हातात आला. सोहम पहिल्या रांगेत होता. त्याच्याकडं बघूनच मी सुरुवात केली.

उत्तरेला बर्फातली पोस्ट. आम्ही नऊ जण. नाईक बापू गायकवाड माझा बडी. ह्याच शाळेत एका बाकावर बसलेलो. सकाळी पाच चाळीसला गस्त निघाली. सहा दहाला समोरच्या टेकडीवरून एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, फायर आला. बापू पुढं होता. एक गोळी मांडीत, दोन पोटात.

मी रेडिओवर बोललो, "एक कॅज्युअल्टी. सीरियस. ओव्हर."

"मौसम खराब है. हेलिकॉप्टर नहीं आएगा. नीचे लाओ. ओव्हर."

बापूला पाठीवर घेतला. उतार चार तासांचा. तासाभरानं तो कानाशी म्हणाला, "रमज्या, जत्रा कधी रं?"

"परवा."

"माझा वाटा घरी दे."

"देतो. गप पड."

निम्म्या वाटेत पाठीवरचं वजन एकदम वाढलं. काय झालं ते कळलं. तरी चालत राहिलो. खाली पोचल्यावर माझे हात सुटेनात. दोघांनी ते सोडवले.

संध्याकाळी गिनती झाली. सुभेदारसाहेबांनी सवयीनं नाव घेतलं, "नाईक बापू." माझ्या तोंडून गेलं, "ड्यूटी पर, साब." साहेबांनी मान खाली घातली. मला रागावले नाहीत.

एवढं सांगून मी पोरांपुढं गिनती घेतली. "नाईक बापू गायकवाड!"

सोहम बुटाकडं बघत होता. मुलींच्या रांगेतून आयशा उठली. "ड्यूटी पर, साब!" एक मास्तर हसला. मी बघितलं तसा थांबला.

कार्यक्रम सुटल्यावर सोहम जवळ आला. "आमच्या आजोबाला तुमी उचललं?"

"व्हय."

"आमच्यात कुणी सांगितलं न्हाय."

कोण सांगणार? बापू गेला तेव्हा त्याचा मुलगा सहा महिन्यांचा. मी दर सुट्टीत बापूच्या बायकोकडं, सुमनवहिनींकडं जायचो, चहा प्यायचो, उठायचो. तीस वर्षं नुसता चहा! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आड कोरडा ठेवला तो मी. मग कुणीतरी भलत्यानंच त्यात विष ओतलं. त्या पोरावर काय चिडू?

शाळेतून तसाच वहिनींकडं गेलो. सोहम माझ्याआधी पळत पोचला होता. चहा आला, तो बाजूला ठेवला. बापूच्या फोटोखाली बसलो आणि पाच चाळीसपासून सगळं सांगितलं. रेडिओ, उतार, जत्रेचं विचारणं, शेवटचं बोलणं.

वहिनी रडल्या नाहीत. पदर नीट केला. फोटोकडं बघितलं. मग म्हणाल्या, "माझा वाटा घरी दे, म्हणले?"

"व्हय."

"आन् इतकी वरसं तो कुठं ठिवला वो, रमजानभाऊ?"

सोहमही माझ्याकडं बघत होता.