निरोगी घराणं

गेल्या वर्षी माझ्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली. हे दुखणं घराण्यातून आलंय का, ते बघायला डॉक्टरांनी मला समुपदेशनाला पाठवलं. तिथे तीन पिढ्यांची माहिती लागते, कोण कशाने गेलं आणि कितव्या वर्षी. आमच्यात ही माहिती फक्त नामपूरच्या आत्याकडे. तिने आजवर पन्नासेक लग्नं जमवली आहेत. पोरगी तिरळी असली तरी "नजर जरा लाजरी हाय" असं ती बिनदिक्कत सांगते. मी तिला नाशिकला बोलावून घेतलं. ती ठेवणीतली साडी नेसून आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

समुपदेशक म्हणजे सोबत आलेल्या माझ्या तेवीस वर्षांच्या लेकीएवढीच मुलगी. ती कागदावर बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढू लागली. कॅन्सर झालेल्याचा आकार काळा करायचा. माझा गोल तेवढा काळा झाला होता.

"घराणं एकदम निरोगी हाय," कोणी विचारायच्या आत आत्याने सुरुवात केली. "शेती बागायती. पोरं सुपारीला सुदिक शिवत नाय."

"आजी, तुमची आई कशाने गेली?"

"वयानं."

"किती वय होतं?"

"अडतीस."

माझी लेक फिस्सकन हसली. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आवरेना. त्यानंतर आत्याची थोरली बहीण नजर लागून गेली.

समुपदेशक मुलीने पेन खाली ठेवलं. "आजी, हा कागद कोणाला दाखवायचा नाहीये. तुमच्या या नातीची तपासणी कधीपासून सुरू करायची, ते यावरून ठरणार आहे."

आत्याने माझ्या लेकीकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "आईला छातीतच गाठ व्हती. थोरलीला बी. आन माझा बी गोल काळा कर."

"तुझा?" मी म्हणाले.

"म्या चारधामला गेलेच नव्हते. तवा माझं आपरेशन झालं."

त्या यात्रेचा प्रसाद आम्ही सगळ्यांनी खाल्ला होता. बद्रीनाथची थंडी बाधली म्हणून ती वर्षभर डोक्याला घट्ट रुमाल बांधून हिंडत होती. माझ्या लग्नाच्या फोटोंतही तो रुमाल आहे.

मला भयंकर राग आला. "सांगितलं असतंस तर मी आधीच तपासून घेतलं असतं, आत्या!" त्या परक्या मुलीसमोरच मी ओरडले.

"तुझं स्थळ चाललं व्हतं. त्यांनी नाय म्हणलं असतं."

ते स्थळ म्हणजे माझा नवरा. त्या लग्नातली लेक शेजारी बसून आत्याचा हात चोळत होती.

रिक्षात आत्या म्हणाली, "हिच्या स्थळाला पयल्याच दिवशी खरं सांगायचं. म्याच सांगीन."

तेवढ्यात मला आठवलं. "लग्नात तू दिलेला तो गंगाजलाचा गडू? मी रोज त्याला हळदकुंकू वाहते. त्यात काय आहे?"

"दवाखान्याच्या नळाचं पाणी," ती म्हणाली. "घरी जायला सोडलं त्या दिवशी भरलं व्हतं."

गडू अजून देवघरातच आहे. हळदकुंकूही रोज वाहते.