डोळे मिटून पाणी पिणारा दुधराम

दुधरामला पाणी पिताना ज्याने पाहिलं नाही, त्याने सडक अर्जुनीच्या बाजारात फुकट चपला झिजवल्या. लोटा तोंडाशी आला की हा डोळे गच्च मिटतो, एका दमात घोटतो आणि मगच कोण हसलं ते बघतो. चहाच्या टपरीवरची टोळी विचारते, "दुधरामबावा, एरंडेल पिऊन राहिले का गा?" तोही हसतो. हसायला शिकायला त्याला फार दिवस लागले.

आधी असं नव्हतं. दुधराम आणि धाकटा बकाराम, दोघं चेहऱ्यामोहऱ्याने एका साच्यातले. पाठमोरे असले की आईसुद्धा भलत्यालाच हाक मारी. दुधरामची बायको लवकर गेली. घरात बाई एकच, बकारामची वच्छला. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायची रीत नाही. म्हणून ती पदर ओढून ओसरीच्या खांबाशी बोले. "खांबा, भाजी झाली म्हणावं." खांब जागचा हलत नसे, दुधराम मात्र पाटावर हजर. गावात त्या खांबाची थट्टा वच्छलेपेक्षा जास्त व्हायची.

पंचावन्न सालच्या धानकापणीत एक कोल्हं भरदिवसा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरलं. माणसाला पाहून पळालं नाही, तेव्हाच ते पिसाळलेलं आहे हे ओळखायला हवं होतं. त्याने दुधरामची पोटरी फाडली. बकाराम सोडवायला धावला. त्याच्या गालाला दात ओझरता लागला, वस्तऱ्याने कापावं एवढाच.

कुत्रं-कोल्हं चावलं की विष उतरावं म्हणून करायच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी सात विहिरींत डोकावून पाहिलं. पण दुधरामचा पाय सुजून ढोल झाला, तेव्हा त्याला सौंदडला नेऊन गोंदियाच्या गाडीत बसवलं.

"तूही चाल," तो भावाला म्हणाला.

"मले तं खरचटलं गा. दोघंई गेलो तं धान कोण मळन? कोल्हं?"

साऱ्या गावाला हे पटलं. आपल्याकडे दुखणं जखमेच्या मापाने मोजतात.

गोंदियाजवळच्या कुडव्याला ओळखीच्या दुलीचंदकडे राहून दुधराम रोज दवाखान्यात पोटात सुई घेई. डॉक्टर बोलका होता. सांगायचा, या रोगाचा व्हायरस एवढा बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाही. एकटा असला की मेल्यासारखा पडून राहतो, ना खाणं ना वाढणं. पण अंगात शिरला, की लग्नाला आलेल्या फुकट्या पाहुण्यासारखा घरधन्यालाच राबवतो, त्याच्याच हातून आपली पिलावळ करून घेतो. "कुत्र्या-कोल्ह्याच्या लाळेतून आत येतो आणि नसेची दोरी धरून मेंदूकडे चढतो. तुझी पोटरी लांब आहे, म्हणून सुयांना वेळ मिळाला."

चौदावी सुई झाली तेव्हा दुधराम खुशीत येऊन म्हणाला, "भाऊ वाचला बा. त्याले गालावरच लागलं."

डॉक्टरची पिचकारी हातातच राहिली. "गालावर? अरे, तिथून मेंदू किती दूर? आणि हे तू आज सांगतोस?"

दुधराम घरी पोचला तेव्हा बकाराम खळ्यावर गाल चोळत बसला होता. "मुंग्या चावून राहिल्या गा आतून." दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट नरड्यात आवळला. मग लोटा पाहिला तरी मान ताठ होई, सुपाचा वारा लागला तरी अंग झटके देई. लाळ गिळता येईना. मधेच शुद्धीवर येऊन म्हणे, "दादा, तहान लागली," आणि पाणी आणलं की किंचाळे. डॉक्टरला बोलावलं, तर त्याने दारातूनच मान हलवली. मेंदूत पोचल्यावर औषध नाही.

बकाराम गेला. दहाव्याच्या दिवशी दुधरामने पाण्याचा लोटा उचलला आणि आत वाकून पाहिलं. पाण्यात बकाराम होता. तोच चेहरा, तीच तहान. दुधरामचा घसा मिटला. लोटा हातून पडला.

एवढं पुरे झालं. "यालेई लागलं!" शेजारचा छोटेलाल ओरडला आणि ताटावरून उठला. कोणी म्हणालं, गुरांच्या कोठ्यात कोंडा. कोणी म्हणालं, दोरखंड आणा. दुधरामलाही वाटलं, सुया हरल्या. भाऊ हात धरून न्यायला आला.

तेवढ्यात वच्छला सूप घेऊन बाहेर आली. सगळ्यांसमोर भासऱ्याच्या पुढ्यात बसली आणि त्याच्या तोंडावर फडाफडा वारा घालू लागली. माणसं मागे सरली. दुधराम नुसता बघत राहिला. ना झटका, ना किंकाळी.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "तो रोग म्या या हातानं निस्तरला आहे. तो असा नसते. यायच्या नरड्यात यायचा भाऊ अडकला आहे."

मग लोटा भरून तिने त्याच्या हाती दिला. खांबाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"प्या."

"त्यात तो आहे, वच्छले."

"तं नोका पाहू. डोळे मिटा न् प्या. त्याले नाई जमलं. तुमाले जमते."

दुधरामने डोळे मिटले. पहिला घोट अडला, बाहेर आला. दुसरा गेला. छोटेलाल हळूच ताटावर येऊन बसला, भात निवला होता तरी.

त्या दिवसापासून खांब बेकार झाला. दुधराम मात्र विहिरीवरून जाताना अजून तोंड फिरवतो, आणि लोट्याच्या तळाशी एक घोट कायम ठेवतो. कोणासाठी, हे टपरीवरची टोळीही विचारत नाही.