करंजाखालची जागा

बदलापूरच्या टोकाला, खरवईत आमचं भाताचं शेत होतं. माझी धाकटी बहीण दात यायच्या आतच तापानं गेली. तान्ह्या पोराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी स्वतः खड्डा खणला आणि बांधावरच्या करंजाखाली तिला ठेवलं. वर दगड नाही, काही नाही. करंज होता, तेवढी खूण पुरे होती. पुढे न्याहारी घेऊन जाताना करंज आला की आई चपला काढून हातात घ्यायची. मीही घ्यायचे. का, ते विचारावं लागलं नाही.

नव्वदनंतर आमच्या मातीला भाव आला. अंबरनाथपर्यंत असलेल्या इमारती बघता बघता दारात आल्या. वरच्या शेतवाल्यांनी विकलं, तिथे भराव पडला आणि आमच्या खाचरात उतरणारं पाणीच बंद झालं. भात उभं पिवळं पडलं. शेतकऱ्यांना हाव सुटली असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. वडिलांनी सही केली त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

आईची एकच अट होती. बिल्डरला ती म्हणाली, "बाकी सगला घे, पन त्या झाराला हात लावू नको. तिथं माजी पोर हाय."

"आई, टेन्शनच घेऊ नका. झाडाभोवती गार्डन करून देतो." केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या माणसानं शिकवलं.

पावसाळा सरल्यावर गेलो तर करंज नव्हता. बांध नव्हता. करंजाजवळची विहीरही बुजवली होती आणि सगळीकडे मुरूम टाकून रोलर फिरवला होता. विहीर कुठे असेल त्या अंदाजानं वडील पावलं टाकत गेले, थांबले, मागे आले, पुन्हा गेले. शेवटी म्हणाले, "इथंच कुठं तरी." ज्यानं खड्डा खणला त्यालाच जागा सापडेना. वडील मुरमातच मटकन बसले आणि रडले.

जमिनीच्या बदल्यात तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हाला तळमजल्यावर घर मिळालं. वडिलांनी उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून आईला नव्या चपला आणल्या. गेट आलं की ती त्या काढून हातात घ्यायची, त्या थेट घराच्या दारात खाली ठेवायची. नवे राहायला आलेले लोक हसायचे. "आजी, चप्पल पायात घालायची असते, हातात नाय!" मला संताप यायचा, त्यांचा आणि तिचाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही बाजारातून आलो. आवारातलं काँक्रीट तव्यासारखं तापलं होतं. आईच्या तळव्यांना आधीच फोड आलेले. मी चपला घालून पुढे चालले होते, वळून तिच्यावर ओरडले, "घाल ना आता तरी! सगळीकडे थोडीच आहे ती?"

"कुठं हाय, ते कलतंय का?" आई म्हणाली. "तिचे अंगावर चपलेचा पाय परला तं?"

मी गेटपाशी परत गेले, चपला काढल्या आणि तिच्या मागून चालत आले.