वाचून दाखवलेला दर

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या वाटेवर कंपनीच्या कॅबमध्ये अडकले होते. फोन त्यांच्या मुलाचा, महेशचा. "सुनंदाताई, तात्या गेले... चहा मागितला, चहा येईपर्यंत..." पुढे त्याला बोलवेना. मी कॅबमधून उतरले, उलट दिशेची रिक्षा पकडली आणि चिंचवडला पोचेपर्यंत कुणाकुणाला कळवायचं त्याची जुळणी मनात करत राहिले. माझा स्वभावच तसा आहे, हाताला काम लागलं की मी सावरते. पहिला फोन मी क्लबच्या कुणालाच केला नाही. तो केला भोरच्या पुढे राहणाऱ्या शेवंताबाईंना. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जेवून गेलं की गं माझ्याकडनं... आत्ताच तर."

आमचा क्लब कॅरॅव्हॅनवाल्यांचा. जुनी व्हॅन घ्यायची, चाकणच्या एखाद्या शेडमध्ये तिच्यात झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवून घ्यायची आणि सुट्टी लागली की घरदार घेऊन निघायचं. तात्या आमच्या गाड्यांना 'बिऱ्हाड' म्हणत. भेटल्या भेटल्या विचारत, "काय मग, बिऱ्हाड कुठं निघालं?" ते गावठाणातले, मूळचे शेतकरी. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तसे एका कारखान्याच्या खरेदी खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. अशी गाडी असली तरी रात्री उभं राहायला कुणाचं तरी अंगण लागतं, पाणी लागतं, वीज लागते, आणि दमून पोचल्यावर गरम भाकरी मिळाली तर आणखी काय हवं! ही अंगणं तात्यांनी एकेक करून जोडली होती. त्यांची माहिती देणारी दरपुस्तिका दरवर्षी दिवाळीच्या आधी निघायची. पिवळ्या कव्हरची, शर्टाच्या खिशात मावणारी. मुक्कामाचा दर, जेवणाचा दर, गाडी वळवायला जागा आहे का, कुत्रा अंगावर येतो का, सगळं तिच्यात असे. छापलेला दर पुढच्या दिवाळीपर्यंत हलायचा नाही.

क्लबात नवी असताना मी त्या पुस्तिकेतल्या चुका काढून तात्यांना दाखवल्या. क्रम विस्कळीत, तालुके एकमेकांत मिसळलेले. ते म्हणाले, "बरं झालं, मानूस घावलं. आता तूच लाव." पुढच्या खेपेला कच्ची छापील पानं घेऊन ते गावोगाव निघाले तेव्हा मलाही सोबत नेलं. मला वाटलं, फोनवर विचारून भागलं असतं. शेवंताबाईंच्या ओसरीवर त्यांचे यजमान पान न बघताच म्हणाले, "छापा की तात्या, तुमी लिवलंय म्हंजी बराबरच आसंल." तात्या हलले नाहीत. "तुमी थांबा वो पाव्हणं. चुलीम्होरं कोन बसतं?" मग त्यांनी शेवंताबाईंना बाहेर बोलावलं आणि सगळं पान मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेक ओळ, मध्ये थांबत. जेवणाच्या दरापाशी शेवंताबाई पदराशी चाळा करत राहिल्या. यजमानांनी डोळे वटारले. तात्या म्हणाले, "त्याच्याकडं नगा बघू, माज्याकडं बघून बोला." तेव्हा कुठे त्या बोलल्या, "तेलाचं लई झालंय तात्या... ह्यात बसत न्हाई." तात्यांनी तिथल्या तिथे आकडा खोडून वाढीव लिहिला. तेवढ्यावर गप्प बसतील तर शेवंताबाई कसल्या! "आन् तुमच्या क्लबाच्या बायास्नी सांगा, भाकरी उरवायची आसंल तर आधी सांगत जा."

परतताना मी विचारलं, "तात्या, तुम्ही नक्की आपल्या बाजूचे की त्यांच्या?" गाडी चालवता चालवता ते म्हणाले, "सुनंदा, उभी नोकरी मी दर पाडण्यात घालवली. समोरचा माल देनारा व्हय म्हनायचा, मी खूश. त्यातल्या दोघांच्या शेडला नंतर टाळं लागल्यालं बघितलंय. तवापास्नं नुसत्या व्हय म्हनन्यावर माजा इश्वास न्हाई." एवढंच. नंतर चाकणच्या चौकात त्यांनी मला भजी खाऊ घातली आणि हा विषय पुन्हा काढला नाही.

ताथवड्याचे, हिंजवडीचे नवे सदस्य आले तसा ऑनलाइनचा आग्रह सुरू झाला. मीही त्याच बाजूची होते, आजही आहे. गॅस महागला, रस्ता बंद झाला, मालकाचा नंबर बदलला, तर पुस्तिका काय करणार? बैठकीत मी तसं बोलले. "तात्या, छापलेलं दुसऱ्या दिवशी जुनं होतं." ते म्हणाले, "जुनं व्हतं, पर फिरत तर न्हाई." सगळे हसले, तेही हसले, आणि छपाई बंद झाली. दर ऑनलाइन तक्त्यात गेले, प्रत्येक मालकाच्या घरच्यांनी आपापला दर बदलावा असं ठरलं. सदस्य आता दर शेजारी शेजारी ठेवून बघू लागले. 'पलीकडे स्वस्त आहे' असे शेरे पडू लागले. मग एके दिवशी कळलं की शेवंताबाईंनी अंगणाला फाटक लावलंय आणि क्लबच्या गाड्या घेणं बंद केलंय.

तात्यांना तेव्हा जिना चढवत नव्हता. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं होतं. पण हे ऐकल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. त्यांच्या पत्नीनं, माईंनीच मला बोलावून घेतलं. "ह्यांनी तिथं शब्द दिलाय गं. पहिलं अंगण ते. हे असे कुढत बसण्यापेक्षा घेऊन जा एकदाचं. गोळ्या मी देते." तात्या आतून ओरडले, "गोळ्यांबरुबर मलाबी पिशवीत घाल!"

आम्ही तिघं गेलो. फाटक उघडलं, पण शेवंताबाई तात्यांशी बोलेनात. माईंनाच म्हणाल्या, "मी रांधायचं, आन् ह्यांच्या मान्सांनी फोन दावून म्हनायचं, दर एवढाच हाय. कुनी ठरावला त्यो?" तात्या ओसरीच्या पायरीवर धापा टाकत बसले होते. मला म्हणाले, "वाच." मी फोनवर तक्ता उघडला आणि ते वाचत तसा मोठ्यानं वाचला. जेवणाचा दर ऐकून शेवंताबाई जागीच थांबल्या. शेजाऱ्याचा दर बघून त्यांच्या शहरातल्या पुतण्यानं तो परस्पर खाली आणला होता. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून, भल्यासाठीच. "मला कुनी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आता विचारते. किती लिहू?" त्यांनी सांगितला, मी बदलला, पडदा त्यांच्यापुढे धरला. त्या चकित झाल्या. "झालं बी? पुस्तकाला तर दिवाळीची वाट बघाया लागायची!" तात्या एकदम खळखळून हसले. "आयला... हे बरं हाय की! मग मला येवढी वर्सं कशापायी हिंडीवलं?" माई म्हणाल्या, "फुकट जेवायला मिळत होतं म्हणून."

जेवण झाल्यावर, हात धुताना, ते मला हळूच म्हणाले, "आता ह्यो आकडा कोन फिरवनार?" मी म्हटलं, "आजपासून माझ्याशिवाय कुणी नाही." "आन् तू?" "त्यांना वाचून दाखवल्याशिवाय नाही." त्यांनी मान हलवली, ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला... त्यांच्याबरोबरचा माझा तो शेवटचा प्रवास.

आता तक्ता मी एकटी सांभाळते. काल एका मुक्कामाचा दर अडला होता. कोकणातलं घर, घाटाखालचं. क्लबच्या गटात एकानं लिहिलं, "ताई, दर कधी टाकताय? एवढं काय त्यात?" मी फोन लावला. मालक म्हणाले, "अहो मॅडम, गेल्या वर्षीचाच टाका, आमचं काही म्हणणं नाही." मी म्हटलं, "स्वयंपाक कोण करतं तुमच्याकडे?" ते जरा गोंधळले, मग आत हाक मारली. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, फोन या हातातून त्या हातात गेला. "हॅलो?" एक बाई दबकत म्हणाल्या. मी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, सावकाश, मध्ये थांबत.