सावडीच्या दिवशी उडालेलं रॉकेट

आमचं रॉकेट दुर्बीण घेऊन वातावरणाच्या वर जातं, पाच मिनिटं सूर्याकडं बघतं आणि पॅराशूटनं अमेरिकेतल्या वाळवंटात उतरतं. वर्षानुवर्षं राबायचं आणि बघायला पाच मिनिटं! तेवढ्यात सूर्याच्या प्रभामंडळातल्या तेजस्वी कमानींचे फोटो घ्यायचे. माझं म्हणणं, या कमानी म्हणजे बारीक धाग्यांचे पीळ आहेत आणि सूर्यावरच्या एका लहानशा, फिकट पट्ट्यात ते धागे सुटे दिसतील. तिकडं बसलेल्या आमच्या प्रमुख साहेबांना मात्र मोठा, झगझगीत पट्टा हवा होता, आणि दुर्बिणीच्या चौकटीत एकच मावतो. शेवटी ठरलं, उड्डाणाच्या सकाळी ताजा सूर्य बघून ते मला फोन करतील. मी हो म्हटलं तर माझा पट्टा, फोन लागला नाही तर त्यांचा.

अमेरिकेतला वारा काही केल्या पडेना. ढकलत ढकलत उड्डाण नेमकं आमच्या भातसोंगणीच्या सावडीवर आलं. सावड म्हणजे आज सगळे आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या. तिथं घरचं माणूस नसून चालत नाही, म्हणून मी पुण्याहून राजूरजवळच्या आमच्या गावी आले होते. तिकडची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. खाचरात रेंज नाही, घरातही फक्त खिडकीत. तिथं मोबाईल ठेवला, "वाजला की हाक मार," असं आईला चारदा बजावलं आणि विळा घेऊन गेले.

दिवस कलताना भंडारदऱ्याकडून ढग चढले, विजा सुरू झाल्या. भारे झाकून पळत घरी आले, तर खिडकीत मोबाईल नाही.

"ईज कडाडत हुती," आई म्हणाली. "बंद करून पिठाच्या डब्यात ठिवला."

वीज चमकली की मोबाईल बंद, हा आमच्याकडचा नियम. अख्ख्या गावानं तेच केलं असणार. माझं डोकंच फिरलं.

"अगं आई, माझं सगळं काम गेलं त्यात!" सावडीच्या माणसांसमोर मी ओरडले.

"आन घरावर ईज पडली आसती म्हंजी?"

पीठ झटकून मोबाईल चालू केला. साहेबांचा मेसेज होता: फोन बंद आहे, मोठ्या पट्ट्याकडे वळतो.

फोटो सुरेख आले. साहेबांच्या पट्ट्यातही कमानींचा धागा न् धागा सुटा. सगळे खूश. चौकट तेवढी माझ्या पट्ट्याच्या अलीकडं संपते. मीही अभिनंदन लिहून पाठवलं, दात खात. पुढचं उड्डाण कधी, ते कुणी सांगत नाही.

पुण्याला परतल्यावर आईचा फोन आला. जेवलीस का, वगैरे झालं. मग म्हणाली, "माज्यापायी काय बिघडलं तर न्हाई ना गं?"

"न्हाई," म्हटलं आणि फोन ठेवला. आणखी एक वाक्य बोलले असते, तर पुन्हा ओरडले असते.