इंगळे मॅडमनी न दिलेले मार्क

इंगळे मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हा खामगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी बंद पडलेलं विजेचं पॅनल खोलून बसले होते. फोन शाळेतल्या मैत्रिणीचा, सुनीताचा. "मॅडम गेल्या वं... सकाळीच." मी पॅनल जोडलं, मशीन सुरू करून दिली आणि मग बाहेर येऊन रडले. काम अर्धवट टाकलेलं मॅडमना खपलं नसतं.

संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीपासून वीजकामाचा विषय होता. म्हणजे वेळापत्रकात होता. मीटर, पकडी, वायरची बंडलं, सगळं खोक्यांत आणि खोलीला कुलूप. तपासणी आली की ते टेबलांवर मांडायचं, संध्याकाळी पुन्हा खोक्यांत. प्रात्यक्षिकाचे मार्क मात्र सगळ्यांना भरघोस. विज्ञान शिकवणाऱ्या इंगळे मॅडमकडे हा विषय आला आणि त्यांनी मार्कांच्या यादीवर सहीच केली नाही.

"जिनं आजवर वायर सोलली नाही, तिले वीसपैकी अठरा कसे देऊ सर?" त्यांनी आमच्यासमोरच मुख्याध्यापकांना विचारलं.

"खोली उघडली आणि सामान बिघडलं, तर जबाबदार कोण?"

"बिघडू द्या. मंग दुरुस्तीही शिकवता येईन."

किल्ली मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम घरचा बंद पंखा एसटीत मांडीवर घेऊन आल्या आणि तास व्हरांड्यात सुरू झाला. गावातून बिघडलेल्या इस्त्र्या, मिक्सर येऊ लागले. माझे बाबा तावातावानं शाळेत आले. "पोरीले हे काऊन शिकवून राह्यले?"

"तुमचा पंप बिघडला तर काय करता?"

"मिस्तरीची वाट पाह्यतो. दोन-तीन दिवस."

"अन् पिकाले पाणी?"

बाबा आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी पंपाचा जळका स्टार्टर त्यांनीच व्हरांड्यात आणून ठेवला.

वर्ष संपताच संस्थेनं मॅडमची बदली पार लोणारकडच्या शाळेत केली. निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. "खोली उघडली नाही, निरोप कायचा देता?" एवढंच म्हणाल्या.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी माझे कागद बाजूला सारून एक बंद मोटार पुढे ठेवली. माझ्याआधीचा मुलगा चांगल्या मार्कांचा, पण मीटर कुठे लावायचा हेच त्याला समजत नव्हतं. मला हसू आलं नाही. राग आला, त्याच्या शाळेतल्या कुठल्यातरी कुलपाचा. खेड्यातल्या पोरांना काही येत नाही म्हणतात... येऊ कुणी दिलं नाही, ते विचारा की!

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत मॅडमची शोकसभा झाली. नवे मुख्याध्यापक म्हणाले, त्या खोलीवर मॅडमच्या नावाची पाटी लावू. मी उभी राहिले. "पाटी नको सर. किल्ली द्या." मागून कुणीतरी पुटपुटलं, शोकसभेत असं बोलतात का? बोलतात. किल्ली हातात पडेपर्यंत मी खाली बसले नाही.

आता दर शनिवारी सुनीता आणि मी तिथे शिकवायला जातो. मॅडम कधी शाबास म्हणत नसत, त्यांची एक वेगळीच सवय होती. परवा नववीतल्या एका मुलीनं पहिल्यांदा बोर्ड जोडला, बल्ब लागला, ती कौतुकाच्या आशेनं माझ्याकडे पाहू लागली... आणि माझ्या तोंडून मॅडमच बोलल्या, "झालं? आता खोल, अन् पुन्हा जोड."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या, आणि स्क्रू ढिले करायला घेतले.