किळस आलेल्यांची लेकरं

वानखडे सर अकरावीच्या पहिल्या तासाला पुस्तक आणत नसत, नासलेल्या दुधाची बाटली आणत. बूच काढून ती बाकाबाकांवरून फिरवायला लावत आणि फळ्यापाशी उभे राहून आमच्याकडे बघत. नाक आक्रसलेलं, वरचा ओठ उचललेला. साऱ्या वर्गाचं एकच तोंड होऊन जायचं. मग ते म्हणायचे, "हे तोंड तुम्हाले कोणी शिकवलं नाही. लाखो वर्षांआधी ज्याले असा वास घाण वाटला नाही, तो पेला अन् मेला. आपण सारे किळस आलेल्याइची लेकरं."

उमरखेड तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून मी बसने कॉलेजात जात असे. सर जीवशास्त्र शिकवत. बेडकाचं हृदय शिकवता शिकवता ते भीतीवर येत. पळताना पायांत रक्त पोचावं म्हणून छाती धडधडते. लेकरू नजरेआड झालं की आई कासावीस होते, कारण ज्या आया कासावीस झाल्या नाहीत त्यांची लेकरं जनावरांनी नेली. "भावना म्हणजे नखरा नाही, अवयव आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "कामाचा होता म्हणून टिकला." घरी हे ज्ञान फारसं चालत नसावं. "मी रडले तरी हा माणूस कारणं सांगत बसतो," असं त्यांच्या पत्नीने आम्हा मुलींसमोरच एकदा ऐकवलं होतं.

मी बारावीत असताना कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि अळीही तशीच माजली. माझे वडील रोजीने फवारणीला जात. हात उंच करून फवारायचं, औषध स्वतःच्याच तोंडावर पडायचं. एका संध्याकाळी ते उलट्या करतच घरी आले. सकाळी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना दिसेनासं झालं. यवतमाळला नेलं, तिथेच ते गेले.

पंधरा दिवसांनी मी वर्गात बसले. सर काहीतरी विषाबद्दल सांगत होते. मी उभी राहिले.

"सर, माया बापाले वास येत होता, उलटी होत होती. तरी तो दुसऱ्या दिवशी काहून गेला?"

सरांनी खडू ठेवला आणि तास अर्धा सोडून निघून गेले.

रविवारी ते सायकलने आमच्या घरी आले, अंगणात बसले आणि आईला सारं विचारू लागले. आईने सांगितलं, तिने त्यांना जाऊ नका म्हटलं होतं. पण बाकीची माणसं चालली होती. मी एकटाच बसलो तर नाजूक म्हणतील, पुन्हा कोणी बोलावणार नाही, असं ते म्हणाले.

सर मला म्हणाले, "माणसाले विषाची भीती असते. पण कळपातून बाहेर पडायची भीती तिच्याहून मोठी. जंगलात एकटा पडला तो वाचत नव्हता. म्हणून लाज आली. तुया बापाचं नाक खरं सांगत होतं. लाजेनं त्याचं ऐकू दिलं नाही."

आई म्हणाली, "गुरुजी, त्याले लाज वाटली. ज्यानं पाठवलं त्याले काहून नाही वाटली?"

तिथेच बसून सरांनी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. तोंडाला बांधायला काही न देता, आजारी माणसाला परत फवारणीला लावलं, असं शेतमालकाच्या नावानिशी लिहिलं. आईचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून स्वतः सही केली. तो शेतमालक आमच्या कॉलेजच्या संस्थेवर संचालक होता, हे सरांना ठाऊक होतं.

महिनाभरात सरांनी आपली साक्ष मागे घेतली. अर्ज तिथेच मेला. मला प्रयोगशाळेत बोलावून त्यांनी स्वतःच सांगितलं.

"मले कोणी धमकावलं नाही. स्टाफरूममंधी कोणी बोलून नाही राह्यलं, बस. चहा येते, माया कप येत नाही. मले वाटलं होतं, मी याच्याहून मोठ्या गोष्टीले भ्याईन."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्याच विषयाच्या जोरावर नर्सिंगला गेले, पुसदला नोकरीला लागले. सर निवृत्त झाल्याचं कळलं, आजारी असल्याचं कळलं. मी गेले नाही. ते वारले तेव्हा आई म्हणाली, "जा. आपल्या दारात येऊन विचारणारा तो एकटाच होता."

शोकसभा कॉलेजातच होती. अध्यक्षस्थानी तोच शेतमालक. वानखडे सर कोणालाही न भिणारे शिक्षक होते, असं तो बराच वेळ सांगत होता. मग विद्यार्थ्यांपैकी कोणी बोला, असं सूत्रसंचालक म्हणाले, आणि माझं नाव पुकारलं गेलं. बसमध्ये मी सारं मनात जुळवलं होतं. माझ्या वडिलांचं नाव, अर्ज, चहाचा कप. मी उठले. सारी डोकी माझ्याकडे वळली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "बोलली काय?"

"सर चांगलं शिकवायचे म्हटलं."

"बस?"

"बस."

तिने माझं ताट वाढलं आणि माझ्यासोबत जेवायला बसली नाही.